छिंगलान : चिनी मुलीचं नाव वाचावं, म्हणावं आणि वापरावं कसं

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ साली उत्तर चीनमध्ये ज्या परिचारिकेशी लग्न केलं, तिचं नाव मराठीत एकसारखं लिहिलेलं सापडत नाही. क्विंगलान, किंगलान, चिंग लान, छिंगलान. बाई एकच, नाव एकच. हा घोळ का होतो ते कळलं की कुठल्याही चिनी मुलीचं नाव हाताळता येतं, म्हणून हेच नाव उदाहरणाला घेऊ.

एक गोष्ट आधीच पक्की करा. चिनी नावाचा अर्थ रोमन स्पेलिंगवरून सांगायचा नसतो. ‘छिंगलान म्हणजे काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कुठला छिंग आणि कुठला लान?’ हे कळल्यावरच उत्तर आहे. बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये एका चिनी नावापुढे एकच अर्थ छापलेला असतो, त्या याद्या बाजूला ठेवा.

पायरी १ : आडनाव वेगळं काढा

चिनी नावात आडनाव आधी येतं. कुओ छिंगलान यातलं ‘कुओ’ आडनाव, ‘छिंगलान’ नाव. आडनाव बहुतेक वेळा एका चिनी अक्षराचं, नाव एक किंवा दोन अक्षरांचं (‘कुओ’ हे एक अक्षर, ‘छिंग’ आणि ‘लान’ ही दोन). ओउयांग, सिमा अशी दोन अक्षरी आडनावं आहेत, पण थोडी.

गडबड होते ती परदेशात. तिथे राहणाऱ्या चिनी बायका पुष्कळदा स्वतःच नाव आधी आणि आडनाव मागे लिहितात. दोन शब्दांपैकी एक दोन अक्षरी असेल तर बहुधा तेच नाव, हे सहज ओळखता येतं. दोन्ही शब्द एकेक अक्षराचे असले, उदाहरणार्थ ‘ली’ आणि ‘चिंग’, तर अंदाज बांधू नका, विचारा. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या ओळींवर असतं आणि नावाची दोन्ही अक्षरं जोडून लिहिलेली असतात. तैवानच्या कागदपत्रांत त्यांच्यामध्ये बहुधा छोटी आडवी रेघ असते. रेघेच्या मागचा भाग म्हणजे मधलं नाव नव्हे. आपल्याकडच्या फॉर्ममध्ये ‘मिडल नेम’च्या चौकटीत ‘लान’ टाकला की पुढे तिकीट आणि पासपोर्ट जुळत नाहीत.

पायरी २ : अक्षर मिळवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नवशिके नेमकी हीच गाळतात.

चिनी भाषेत उच्चार थोडे आणि अक्षरं हजारो आहेत. त्यामुळे ‘छिंगलान’ या एका रोमन स्पेलिंगमागे निदान चार वेगळी नावं उभी असतात. ‘आनंदसोहळा’ आणि ‘लान हे फूल’ हे एक. ‘हिरवंगार’ आणि ‘लान’ हे दुसरं. ‘नितळ’ आणि ‘मोठ्या लाटा’ हे तिसरं. ‘निरभ्र’ आणि ‘डोंगरावरचं धुकं’ हे चौथं. सूर, म्हणजे अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढ-उतार, बदलतात, पण रोमन लिपीत सूर लिहायची पद्धत रोजच्या वापरात नाही, म्हणून कागदावर चारही सारखीच दिसतात. कोटणीसांच्या पत्नीचं नाव यांतलं पहिलं.

अक्षर मिळवायचे मार्ग असे. व्यक्ती ओळखीची असेल तर तिला मोबाइलवर नाव टाइप करून पाठवायला सांगा आणि ते जसंच्या तसं कॉपी करा. स्वतः रोमनमध्ये टाइप करून कीबोर्डने सुचवलेला पहिला पर्याय उचलू नका. तो त्या कीबोर्डवर जास्त वापरला जाणारा पर्याय असतो, तिचं नाव नव्हे. व्हिजिटिंग कार्ड असेल तर त्याची चिनी बाजू बघा. फोनवर असाल तर ‘कुठला छिंग?’ असं सरळ विचारा. यात काही उद्धटपणा नाही, चिनी माणसंही एकमेकांना हेच विचारतात. उत्तर ओळखीच्या शब्दांतून येतं : ‘छुंगछिंग शहरातला छिंग, लानचौ शहरातला लान.’ किंवा, ‘राष्ट्रीय दिनाला जो छिंग असतो तो, आणि लान फुलातला लान.’ आपण फोनवर ‘शहामृगातला श, षटकोनातला ष’ सांगतो, तोच प्रकार.

पायरी ३ : अक्षर जवळून बघा

यातला छिंग आज ६ रेघांत लिहितात. क्रम असा : वर मधोमध एक टिंब, त्याखाली आडवी रेघ, त्या रेघेच्या डाव्या टोकापासून खाली डावीकडे झुकणारी लांब रेघ. हे झालं छप्पर. त्या छपराखाली ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर : आडवी रेघ, तिला छेदून डावीकडे उतरणारी रेघ, मग उजवीकडे उतरणारी.

चूक होते ती टिंबाची. टिंब छपरावरून काढून आतल्या ‘मोठा’च्या उजव्या खांद्यावर दिलं, तर रेघा सहाच राहतात पण अक्षर बदलतं. त्याचा उच्चार ‘येन’ आणि अर्थ ‘तिटकारा’. केकवर किंवा भेटकार्डावर हाताने नाव लिहिणार असाल, तर टिंब कुठे आहे ते दोनदा तपासा.

लान ५ रेघांचा : वर एकमेकांकडे झुकलेली दोन छोटी टिंबं, खाली तीन आडव्या रेघा. मधली सर्वांत आखूड, तळाची सर्वांत लांब. टिंबं विसरलात तर उरतो तो ‘तीन’ हा आकडा.

ही आजची सोपी रूपं आहेत. चीनने अक्षरं सोपी करण्याची योजना १९५६ मध्ये जाहीर केली. कोटणीसांच्या लग्नाच्या काळात जुनीच रूपं चालत होती आणि तैवान, हाँगकाँगमध्ये आजही चालतात. जुना छिंग १५ रेघांचा आहे. त्यात हरणाच्या अक्षराचा वरचा भाग, मध्ये हृदय आणि तळाशी चालणारं पाऊल आहे. प्राचीन चिनी कोशाने त्याची फोड अशी दिली आहे : शुभप्रसंगी हरणाचं कातडं भेट घेऊन, मनापासून अभिनंदन करायला चालत जाणं. जुन्या लानमध्ये वर गवताची खूण, खाली दरवाजा. गवत सांगतं की ही वनस्पती आहे. दरवाजाचा भाग उच्चारापुरता. सोप्या रूपात गवतही गेलं आणि दारही. म्हणून नावाचा अर्थ शोधताना जुनं रूप एकदा तरी बघून घ्यावं, नाही तर छपराखालच्या ‘मोठा’वरून ‘मोठं घर’ असला भलताच अर्थ लावला जातो.

पायरी ४ : सूर

मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, चार सूर आहेत : पहिला उंच आणि सपाट, दुसरा वर चढणारा, तिसरा खाली जाऊन रेंगाळणारा, चौथा वरून झटकन खाली येणारा. कुओ पहिल्या सुरात, छिंग चौथ्यात, लान दुसऱ्यात. हात वापरून सराव करा. कुओ म्हणताना हात कपाळाच्या उंचीवर आडवा फिरवा, छिंगला वरून खाली आणा, लानला खालून वर न्या. मराठीत ओळखीची खूण हवी असेल तर छिंग हा ‘चल!’ असं दटावताना येतो तसा, आणि लान हा ‘काय?’ असं आश्चर्याने विचारताना आवाज चढतो तसा.

सूर चुकला तर काय होतं ते लानवर नीट दिसतं. दुसऱ्या सुरातला लान म्हणजे फूल. तिसऱ्यात म्हटला तर आळशी. चौथ्यात म्हटला तर कुजका. मराठी माणसाची नेमकी सवय अशी की नाव संपताना आवाज खाली सोडायचा, म्हणजे ‘कुजका’च्या बाजूला जायचं. शेवटचं अक्षर मुद्दाम वर न्या. कुओचंही तसंच : सपाट ठेवला तर आडनाव, चढवला तर ‘देश’.

समोरचा माणूस संदर्भाने समजून घेतो, हे खरं. पण गर्दीत हाक मारताना संदर्भ नसतो.

पायरी ५ : व्यंजनं (इथे मराठीला आयती मदत आहे)

चीनने पिनयिन ही रोमन लेखनपद्धत १९५८ मध्ये स्वीकारली आणि १९७९ पासून परदेशी भाषांतल्या सरकारी मजकुरातही तीच वापरायला सुरुवात केली. तिच्यातली रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचली की सगळं बिघडतं. पिनयिनमधला क्यू हा ‘क्व’ नसून ‘छ’ आहे. ‘क्विंगलान’चा जन्म या चुकीतून होतो. एक्स म्हणजे पातळ ‘श’.

चिनी भाषेत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा भेद आपल्यासारखाच आहे, मात्र ग, द, ब असे घोष उच्चार नाहीत. पिनयिनमध्ये जी लिहिलं की ‘क’, के लिहिलं की ‘ख’. डी म्हणजे ‘त’, टी म्हणजे ‘थ’. बी म्हणजे ‘प’, पी म्हणजे ओठ मिटून उच्चारलेला ‘फ’, फळातला. म्हणून जी-यू-ओ हे ‘गुओ’ नसून ‘कुओ’, आणि टी-आय-एन-जी ही ‘टिंग’ नसून ‘थिंग’. जे म्हणजे चिवड्यातला ‘च’, क्यू म्हणजे तोच महाप्राण होऊन ‘छ’. झेड म्हणजे चमच्यातला ‘च’. चिवडा आणि चमचा यांतला फरक हिंदीभाषकाला शिकवावा लागतो, मराठी माणसाला तो फुकट मिळतो.

‘छिंग’च्या शेवटी ग उच्चारायचा नाही. ‘रंग’ म्हणायला सुरुवात करा आणि ग येण्याआधी थांबा. ‘लान’मधला आ थोडा आखूड ठेवा.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत पिनयिनच्या आधीची पद्धत असते. तिच्यात छ दाखवायला ‘सीएच’पुढे वर स्वल्पविराम देत, छापताना तो गळला की छ आणि च एकच होऊन बसतात. कोटणीसांवरच्या १९४६ च्या शांतारामांच्या चित्रपटात जयश्रीबाईंच्या भूमिकेचं नाव ‘चिंग लान’ असं ऐकू येतं, ते त्या काळाला धरूनच आहे. आज मात्र ‘चिंगलान’ लिहिलं तर चिनी जाणणारा वाचक वेगळंच नाव धरेल, ‘शांत’ या अर्थाच्या चिंगचं.

पायरी ६ : अर्थ सांगताना

अक्षरं हाती आली की प्रत्येकाचा अर्थ वेगळा घ्या, मग जोडा. छिंग : सोहळा, शुभप्रसंग साजरा करणं. लान : एक सुगंधी फूल. जोडून ‘सोहळ्याचं ऑर्किड’ असं शब्दशः मराठी करू नका, कानाला खुळचट लागतं. ‘घरात आनंद घेऊन आलेलं लान-फूल’ हे जवळचं.

आता लानबद्दल थोडं सविस्तर, कारण मुलींच्या नावांत तो पुन्हापुन्हा भेटतो. लान म्हणजे ऑर्किड खरं, पण लग्नाच्या सजावटीतलं भडक जांभळं ऑर्किड डोळ्यांपुढे आणू नका. चिनी लान हे सिंबिडियम जातीचं. पाती गवतासारखी लांब आणि अरुंद, फूल लहान, हिरवट-पिवळं, वास मंद. प्लम, लान, बांबू आणि शेवंती यांना चिनी चित्रकलेत ‘चार सज्जन’ म्हणतात. त्यांत लान वसंताचं. निर्जन रानातही कुणी बघायला नसताना दरवळणारं फूल, हा संदर्भ कन्फ्यूशियसच्या नावाशी जोडला गेला आहे. म्हणजे लान नाव ठेवणाऱ्याला रूप सुचवायचं नसतं, शील सुचवायचं असतं. मूलान आणि यूलान हेही लानवालेच शब्द, पण ती मॅग्नोलियाची झाडं. पांढरी यूलान शांघायचं नगरपुष्प आहे. जोडशब्दात अर्थ कसा सरकतो ते इथे दिसतं.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं : दोनांपैकी एक अक्षर पिढीचं असू शकतं. अनेक घराण्यांत एका पिढीतल्या सगळ्या भावंडांना एक अक्षर समान देण्याची चाल होती. छिंगफांग, छिंगमेइ, छिंगलान अशा चुलत बहिणी असल्या, तर छिंग हा घराण्याचा आणि खरं नाव फक्त लान. हे घरच्यांनाच ठाऊक असतं. दुसरं : काही अक्षरं निव्वळ उच्चारासाठी घेतलेली असतात. हॉलंडला चिनीत ‘हलान’ म्हणतात आणि त्यात हाच लान आहे. तिथे फुलाचा संबंध नाही. कोटणीसांचं चिनी नाव ‘ख तीहुआ’. यातला ‘ख’ हे खरं चिनी आडनाव, पण निवडलं ते ‘को’च्या जवळचं म्हणून, ‘ती’मध्ये बंधुभावाची छटा आहे, आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातल्या पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हाच हुआ होता. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचं नाव ‘यिनहुआ’ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. हा हुआ दुसऱ्या सुरातला. पहिल्या सुरातला हुआ म्हणजे फूल. सूर न बघता अर्थ सांगणाऱ्याने यिनहुआचं ‘भारतीय फूल’ करून टाकलं असतं.

पायरी ७ : नावावरून काळ ओळखा

जसं आपल्याकडे सुलोचना म्हटलं की एक पिढी आणि आर्या म्हटलं की दुसरी पिढी डोळ्यांपुढे येते, तसंच तिथे. शिउइंग, कुइइंग, शिउलान, यूलान ही आजी-पणजीची नावं. छिंगलान त्याच घरातलं. नंतर हुंग, म्हणजे लाल, याचे दिवस आले. मग ली (सुंदर), चिंग (शांत), थिंग (डौलदार) अशी एकाक्षरी नावं. या शतकात शिनयी, चहान (चमच्यातला च) यांचा पूर. विशीतल्या मुलीला छिंगलान नाव ठेवलेलं नसतंच असं नाही, पण चिनी कानाला ते जुनं वाटतं.

मुलीचं नाव ओळखायच्या खुणा अक्षरातच असतात : डावीकडे ‘स्त्री’ची किंवा जेड रत्नाची खूण, वर गवताची. पण हुआ, पिंग, वन ही अक्षरं मुलगे-मुली दोघांत चालतात. ईमेलला उत्तर देताना ‘सर’ की ‘मॅडम’ हे नावावरून ठरवू नका.

पायरी ८ : हाक कशी मारायची

आपण ओळख झाली की लगेच नावाने बोलावतो. तिथे नुसतं ‘छिंगलान’ म्हणायचा हक्क घरच्यांचा आणि जवळच्या मैत्रिणींचा. कामाच्या ठिकाणी आडनाव आणि पुढे हुद्दा : ‘कुओ लाओश्र’ म्हणजे कुओ शिक्षिका, ‘कुओ न्यूश्र’ म्हणजे कुओ बाई. वयाने लहान सहकारी असेल तर ‘शिआओ कुओ’, ज्येष्ठ आणि सलगीची असेल तर ‘लाओ कुओ’; पण या दोन्हींची सुरुवात परक्याने करू नये. मैत्रिणीच्या आईला ‘आयी’, आपली मावशीच. दुकानात किंवा हॉटेलात बाईला ‘शिआओचिए’ म्हणून हाक मारू नका. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो ‘कुमारी’साठी दिलेला असतो, पण मुख्य चीनमध्ये आता त्याला वाईट वास लागला आहे.

एकाक्षरी नाव असेल तर ते एकटं कधीच उच्चारत नाहीत. ‘चिंग’ असं नुसतं म्हटलं तर ती प्रियकराची हाक वाटते. वर्गमैत्रिणीसुद्धा ‘ली चिंग’ असं पूर्ण म्हणतात. त्यात दुरावा नसतो. लाडाची हाक अक्षर दुहेरी करून होते, लानलान, किंवा दक्षिणेकडे आधी ‘आ’ लावून, आलान.

लग्नानंतर आडनाव बदलत नाही. १९५० च्या विवाह कायद्याने पती-पत्नी दोघांनाही आपापलं आडनाव वापरायचा हक्क दिला. म्हणून ती ‘छिंगलान कोटणीस’ नव्हती आणि ‘ख छिंगलान’ही नव्हती, शेवटपर्यंत कुओच. मराठी मजकुरात पहिल्यांदा ‘कुओ छिंगलान’ असं पूर्ण लिहा, पुढे ‘कुओ बाई’ किंवा ‘छिंगलान’.

पायरी ९ : मराठीत लिहिताना

एका मजकुरात एकच रूप ठेवा. उच्चाराला धरून ‘छिंगलान’ लिहा, तोडून ‘छिंग लान’ नको. तोडलं की वाचक लानला आडनाव समजतो. जुनं रूप वाचकांना ओळखीचं असेल तर एकदाच कंसात द्या. कागदपत्रांत मात्र उच्चाराचा आग्रह सोडा आणि पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवा.

पायरी १० : स्वतःच्या मुलीला किंवा स्वतःला हे नाव घ्यायचं असेल तर

चिनी शिकणाऱ्या मराठी मुली चिनी नाव घेतात, तेव्हा आडनावापासून सुरुवात करा. मराठी आडनावाच्या पहिल्या ध्वनीला जवळचं खरं चिनी आडनाव शोधा, जसा कोटणीसांना ‘ख’ मिळाला. मग ते नावाबरोबर जोडून मोठ्याने म्हणा. ‘वू’ आडनाव ‘नसणे’ या शब्दासारखं ऐकू येतं, म्हणून त्यापुढे चांगला गुण ठेवला की गुण नसल्याचं नाव होतं. तिसऱ्या सुरातल्या ‘चिआ’ आडनावाचा उच्चार ‘खोटं’ या शब्दाशी जुळतो. तिन्ही अक्षरं एकाच सुरात येऊ देऊ नका, हाक मारताना दम लागतो. शेवटी नाव एखाद्या चिनी व्यक्तीला लिहून नव्हे, ऐकवून दाखवा आणि ती हसते का ते बघा.

आणि कुणाच्या स्मरणार्थ नाव ठेवायचं असेल तर हे लक्षात घ्या : आपल्याकडे नातीला आजीचं नाव देतात, चिनी घरात वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षर मुलाला देणं परंपरेने टाळतात. ख तीहुआच्या मुलाला हुआ मिळाला तो अपवाद, कारण तिथे हुआ हे देशाचं नाव होतं. छिंगलानची आठवण नावात ठेवायचीच असेल, तर लान तसाच न घेता त्याच्या कुळातलं अक्षर घेतात : ‘फांग’, म्हणजे सुगंध. वर गवताची खूण, ७ रेघा, पहिला सूर.